एका बादलीला एक माप

७ तारीख, शुक्रवार

कारखान्यात तोंड उघडायचं नाही, असं मामीने बजावलंय. म्हणून वही उघडली. स्टोअरच्या रद्दीत पडली होती, निम्मी कोरी. राग कुठेतरी ठेवायला हवा, नाहीतर तो भलत्या वेळी तोंडातून सांडतो आणि माझी नोकरी जाते. आतापर्यंत सहा गेल्या. सातही असतील, रंगाऱ्याकडचे चार दिवस नोकरीत धरायचे का ते ठरत नाही.

तर राग. आज मामीच्या नावापुढे लाल शेरा लागला. माझ्या मामीच्या! जी चहा गाळायच्या आधी गाळणी धुते, गाळल्यावर परत धुते आणि गाळणी टांगायचा खिळासुद्धा पुसते. फळ्यावर अकरा बायकांची नावं. दहांपुढे हिरवा खडू, एकटीपुढे लाल, आणि खाली वळणदार अक्षरात ‘अस्वच्छ हात’. ते वळण काढायला त्या माणसाने किती वेळ घातला असेल, विचार करूनच माझं डोकं तापलं.

आमच्याकडे जखमेवर बांधायच्या जाळीच्या पट्ट्या होतात. पांढऱ्या जाळीचा तुकडा, आठ पदरी घडी, मग पाकिटात. घड्या या अकरा बायका घालतात. हातमोजे घातले की पदर नीट हाती लागत नाहीत, म्हणून हात उघडे, आणि हात उघडे म्हणून हातांचा एवढा जाच. सकाळी आणि प्रत्येक सुट्टीनंतर हातधुणीच्या खोलीत रांग लागते. शिट्टी वाजली की साबण. दुसरी शिट्टी, नळाखाली. तिसरी शिट्टी, निळ्या पाण्याच्या टबात मनगटापर्यंत हात. चौथीला बाहेर. पुसायचं नाही, हात वर धरून वाळवायचे. शरण आल्यासारख्या दिसतात सगळ्या. शिट्टी वाजवतो तो आमचा सुपरवायझर, म्हणून त्याचं नावही शिट्टीच.

निळं पाणी मी बनवते. तीन आठवडे झाले. दहा लिटरच्या बादलीला जंतुनाशकाचं एक माप. कॅनवर औषधाचं नाव एवढं लांब आहे की वाचून होईस्तोवर शिफ्ट संपावी. खाली बारीक अक्षरांत सूचना आहेत. त्या वाचायला घेतल्या होत्या, पण शेजारी मेलेल्या माशाचं चित्र होतं, आणि माशाचा चेहरा असा काही दुखावलेला होता की मी त्याच्याकडेच बघत बसले.

दर बुधवारी बायका पाचही बोटं जेली ओतलेल्या चपट्या वाटीवर दाबतात. प्रयोगशाळेतली ताई वाट्या उबेत ठेवते आणि शुक्रवारी उगवलेले ठिपके मोजते. पन्नासच्या आत असले तर हिरवा, वर गेले की लाल. लागोपाठ तीन लाल म्हणजे घरचा रस्ता.

मामीचे चौऱ्याहत्तर.

येताना मी रस्ताभर बडबडले. मामी म्हणाली, “हातवारे करू नकोस, सायकलवाला पडेल.”

“तू गप्प कशी बसतेस?”

“माझेच हात आहेत बाई. दुसरीचे असते तर भांडले असते.”

१० तारीख, सोमवार

काल भांडी, कपडे, लादी सगळं मी केलं. मामीला सांगितलं, हात मांडीवर ठेवून बस. बसली, पण पाय हलवत होती. मामा गेल्यापासून बसायची सवयच मोडलीय तिची. मी चार दिवसांसाठी म्हणून या घरात आले, त्याला आता पाच महिने होतील. नातं मामामुळे, आणि मामाच नाही. तरी तिने एकदाही ‘पुढे काय ठरवलंयस’ असं विचारलं नाही. बाकी सगळे नातेवाईक पाण्याच्या पेल्याबरोबर हाच प्रश्न देतात.

आज सकाळी तिची बोटं जरा निवळलेली दिसली. दर आठवड्याला असंच होतं. शनिवारी सालं निघालेली, सोमवारी बरी. तिला विश्रांती हवीय, एवढं साधं आहे. पण ते शिट्टीला कोण सांगणार!

गेल्या महिन्यापासून वडीचा साबण जाऊन पंपाचा आलाय. फेस असा की ढगात हात घातल्यासारखं वाटतं. नळ दोन, त्यातला एक रडका. शिट्टी दहा मोजतो की पुढची वाजवतो. निम्म्या जणी फेसासकट टबात हात बुडवतात. दुपारपर्यंत निळ्या पाण्यावर पांढरट साय धरते, ती मी गाळणीने काढून टाकते.

साय काढताना त्या गेस्ट हाउसची आठवण झाली, माझी तिसरी नोकरी. तिथे मेण लावलेली लाकडी जमीन होती. मालकीणबाई गावाला गेल्या तेव्हा मी जोशात येऊन सोड्याच्या गरम पाण्याने ती तीनदा घासली. काय उजळली होती! आठवड्यात लाकडाला भेगा पडल्या आणि भेगांत मुंग्यांनी घर केलं. बाई रडकुंडीला आल्या. म्हणे, मेण काढायला कुणी सांगितलं होतं? लोकांना स्वच्छतेची कदर नाही.

१३ तारीख, गुरुवार

एका पाकिटात रक्ताचा ठिपका सापडला, मोहरीएवढा. शिट्टीने पट्टी चिमट्यात धरून अकरा जणींपुढून फिरवली, जणू मेलेला उंदीर. “जखमेवर बांधायची वस्तू आहे ही! ज्याला जखम आहे त्याला आपण काय पाठवतोय?”

मामीने अंगठा मुठीत लपवला. मी पाहिलं. शिट्टीनेही पाहिलं असावं, कारण तो एकदम थांबला आणि नळ का गळतोय यावर घसरला. नळ गळत नाही. नळातून पाणीच येत नाही. पण या माणसाला उलटंच दिसतं.

१४ तारीख, शुक्रवार

दुसरा लाल. एक्क्याण्णव.

मामीने जेवताना डाव्या हाताने भाकरी मोडली. उजव्या हाताची बोटं वाकत नाहीत. मीठ लागलं की डोळे मिटते. आणि तिकडे फळ्यावर लिहिलंय, ‘हात मन लावून धुवावेत’. मन लावून! ही बाई मन लावत नाही तर कोण लावतं?

मी खूप विचार केला (तासभर, माझ्यासाठी खूपच) आणि मला उत्तर सापडलंय. औषध कमी पडतंय. एवढ्या मोठ्या बादलीला तेवढंसं माप! वरच्या लोकांनी काटकसर करायची आणि बदनामी मामीची व्हायची. डोंबाऱ्याचा खेळ आहे नुसता, दोरीवर चढायचं कुणी आणि थाळी फिरवायची कुणी. पण निळं पाणी माझ्या हातात आहे. एकदा तरी माझ्या हातात काही आहे.

१७ तारीख, सोमवार

आज बादलीला दोन मापं टाकली. कुणाला सांगितलं नाही. रंग जरा गडद आला, तर मी टबाजवळचा दिवा बंद करून ठेवला. हुशार आहे मी, फक्त कुणी विचारत नाही.

मामी टबातून हात काढून फुंकर घालत बसली. विचारलं, “चुरचुरतंय का?”

“जरा.”

“म्हणजे लागू पडतंय.”

तिने माझ्याकडे बघितलं, मान हलवली. बाकीच्या बायकाही तेच म्हणतात. जे झोंबत नाही ते औषध कसलं! दाराजवळची गुटगुटीत ताई तर सांगत होती की आधीचं पाणी पाण्यासारखंच होतं, आता कुठे दम आलाय. मला केवढं बरं वाटलं. वाटलं, सांगून टाकावं.

१९ तारीख, बुधवार

वाट्या दाबल्या. तीन दिवस दोन-दोन मापं झाली. मामीची बोटं लालबुंद आहेत, घासून काढलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी. इतके स्वच्छ हात मी जन्मात पाहिले नाहीत. परवा फळ्यावर हिरवा खडू आला की मी शिट्टीसमोर उभी राहून नुसती हसणार आहे. बोलणार नाही. मामीला वचन दिलंय.

२१ तारीख, शुक्रवार

तिसरा लाल. आकडाच नाही. ‘मोजता येत नाहीत’ असं लिहिलंय.

गुटगुटीत ताईलाही लाल. खिडकीजवळच्या दोघींना लाल.

मामीने टोपी काढली, घडी घातली, आठ पदरी, सवयीने, आणि शिट्टीच्या टेबलावर ठेवली. शिट्टी म्हणाला, “मावशी, नियम आहे, माझ्या हातात काही नाही.” ती म्हणाली, “तुमच्या हातात शिट्टी आहे की.” मग कोपऱ्यात जाऊन चपला बदलल्या.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. वचन गेलं उडत. “काय मोजता तुम्ही? चष्म्याचा नंबर तपासा आधी! त्या बाईच्या तळहातावर वाढून जेवून दाखवते मी!”

ताईने आवाज चढवला नाही, ते तर आणखीच चीड आणणारं. मामीची वाटी पुढे केली. पाच बोटांच्या जागी पिवळट थरच उगवला होता, पावावर येतो तसा. म्हणाली, “या आठवड्यात अकराही जणींचे ठिपके वाढलेत. एकदम सगळ्यांचे. तू माप किती टाकतेस?”

“एक,” मी म्हटलं.

खोटं का बोलले? कारण तिने विचारलं ते असं की जणू दोष माझा! दोष असलाच तर दोन मापंही कमी पडली हा आहे. तीन हवी होती.

२२ तारीख, शनिवार

वाचायला बसले तर हे पान फाडून टाकेन, म्हणून एकदम लिहून टाकते.

आज मामीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. खरंतर मामी निघत नव्हती, मीच ओढलं. मला त्यांच्याकडून चिठ्ठी हवी होती, ‘या बाईचे हात स्वच्छ आहेत’ अशी, शिक्क्यासकट. ती शिट्टीच्या नाकावर आपटायची होती.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, बडबड्या. भिंग लावून मामीचा तळहात बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “सगळ्यात वरची कातडी मेलेली असते, पण बिनकामाची नसते हो. चपट्या पेशी एकावर एक बसलेल्या, विटांसारख्या. मधल्या फटींत चरबी, सिमेंटसारखी. त्या भिंतीमुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं बाहेर. साबण ती चरबी धुऊन नेतो. वेळ दिला तर ती परत भरते. दिवसातून किती वेळा धुता?”

“आठ,” मामी म्हणाली.

“फेस पूर्ण जातो?”

“कुठला जातोय! शिट्टी वाजते ना. तसेच निळ्या औषधात बुडवायचे.”

“आणि फेसाच्या हातावर औषध?” बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, त्या जातीचं औषध आणि साबण एकमेकांना धरून बसतात. दोघंही वाया. नुसता चोथा उरतो, पांढरा. त्यातून जे औषध वाचतं ते कातडीला चिकटून राहतं. हलकं असलं तर कातडी सोसते. कडक असलं तर विटाच सुट्या करतं. मग भेगा पडतात, भेगांत जंतू लपतात, तिथे वरून काही पोचत नाही. आणि कातडीवर कायमचे राहणारे गरीब जंतू असतात, ते मरतात. मोकळ्या जागेत दांडगे येऊन बसतात.”

“म्हणजे धुऊन धुऊन हात घाण झाले?” मी विचारलं.

“धुतले कुठे? सोललेत.” मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, “कडकच असणार ते. ठरलेल्या मापाने हे असं होत नाही. बनवतं कोण ते पाणी?”

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. पायाच्या नखांचे रोग.

मामी म्हणाली, “आहे एक मुलगी. चांगली आहे.”

२३ तारीख, रविवार

बस स्टँड. दुपारचा दीड. पिशवी मांडीवर.

पळून जात नाहीये. तशी मी कुठेच फार टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे कुणाला धक्का बसायचं कारण नाही. आणि मी गेले तर मामीचंच भलं आहे, एक खाणारं तोंड कमी. शिवाय फलाट तीनवरची बस समुद्राकडे जाते, आणि तिथे होड्यांना रंग देणाऱ्यांना माणसं लागतात असं रंगारी म्हणाला होता. तिथे मी काही खराब केलं तर होडीच खराब होईल.

शिट्टीचा राग आणावा म्हणून बसलेय. येत नाही. साबण आणणाऱ्याचा, नळ दुरुस्त न करणाऱ्याचा, मोठ्या साहेबांचा, सगळ्यांचा आणून पाहिला. येतो आणि अर्ध्या वाटेवरून परत जातो.

गुटगुटीत ताईला लहान बाळ आहे. त्या हातांनी ती त्याला आंघोळ घालत असेल.

खिशात औषधाच्या कपाटाची चावी सापडली. ही कशी राहिली? पोस्टाने पाठवता येईल. पण उद्या सकाळी लागेलच कुणाला तरी. चावी देऊन मग जाते.

(नंतर, घरी.) मामी दारातच बसली होती. पिशवीकडे बघून म्हणाली, “बस चुकली वाटतं.”

मी सगळं सांगितलं. दोन मापं, दिवा, ताईशी खोटं, सगळं. रडत सांगितलं असं लिहायला नको, पण सांगितलं रडतच.

“सोमवारीच कळलं होतं मला,” मामी म्हणाली. “पाणी बुळबुळीत लागलं. अकरा वर्षं हात घालतेय त्यात.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, झोंबतंय तर झोंबू दे, एकदा हिरवा येऊ दे. मूर्ख काय तू एकटीच आहेस घरात?”

यावर मला राग आला. तिचाही आला आणि माझाही. आम्ही दोघी एकमेकींवर ओरडलो आणि मग मी तिच्या बोटांना डॉक्टरीणबाईंचं मलम लावलं.

२४ तारीख, सोमवार

सकाळी बायका यायच्या आधी शिट्टीला गाठलं. टब ओतून टाकला, नवं पाणी एका मापाने भरलं आणि सांगितलं. मला वाटलं तो शिट्टी फुंकेल, पोलीस बोलावेल, निदान ओरडेल.

त्याने बोटांपर्यंत ओढलेल्या बाह्या हळूच वर केल्या. मनगटापर्यंत हात लाल, बोटांच्या पेरांवर चिरा. “रोज बायकांच्या आधी मी हात घालतो यात,” तो म्हणाला. “दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपण. गेल्या आठवड्यात शर्टाची बटणं लावता येईनात. बायको लावते.”

मी म्हटलं, “मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, माझ्यातच काही कमी आहे.”

या कारखान्यात सगळ्यांना असंच का वाटतं? संताप येतो नुसता.

२५ तारीख, मंगळवार

मोठ्या साहेबांनी मामीला आणि मला बोलावलं. शिट्टी आणि प्रयोगशाळेची ताईही होती. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. गोड बोलत होते. “मुलगी लहान आहे, चूक कबूल केली, छान. इथे सही कर. मावशी, तुमचे तिन्ही लाल पुसून टाकू. हात बरे झाले की या कामावर. विषय संपला.”

मी पेन उचललं. माझी नोकरी जाणार होतीच. मामीची राहणार होती. आणखी काय हवं?

“थांब,” मामी म्हणाली. चष्मा लावला, कागदावर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. बोटाला मलम असल्यामुळे कागदावर तेलकट रेघ उठत गेली. साहेब त्या रेघेकडे बघत होते. “यात लिहिलंय, तिन्ही लाल हिच्या चुकीने लागले.”

“हो. तुमच्या फायद्याचंच आहे.”

“पहिले दोन लागले तेव्हा ही एकच माप टाकत होती.”

“ते आता कोण सांगणार?”

“माझ्याकडे लिहिलेलं आहे,” मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. कारण वहीत आणखीही बरंच लिहिलेलं आहे.

वाचून दाखवावं लागलं. सात तारीख, दहा, चौदा, सतरा. फेस, रडका नळ, साय, दहा आकडे मोजून वाजणारी शिट्टी. ‘त्याचं नावही शिट्टीच’ इथे मी अडखळले. तो खाली बघत म्हणाला, “माहीत आहे मला. पुढे वाच.” डोंबाऱ्याचं वाक्य आलं तेव्हा साहेबांनी पाण्याचा पेला सरकवला, स्वतःकडे.

“वही म्हणजे पुरावा नव्हे,” ते म्हणाले.

“मग हात घ्या पुरावा,” मामी म्हणाली. आवाज वाढला होता तिचा. मी पाच महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. “अकरा वर्षं तुमच्या घड्या घातल्या. फळ्यावर ‘अस्वच्छ’ लिहिलंत, मी मान खाली घालून वाचलं. आता या पोरीच्या डोक्यावर सगळं फोडून तोच साबण, तोच नळ परत आणाल, आणि महिन्याभराने दुसरीचं नाव लिहाल. दोन तारखेपर्यंत मी त्या पाण्यात हात घालत नाही. साध्या पाण्याने धुते, मलम लावते. मग दाबते वाटी. लाल आला तर मी स्वतः लिहून देईन की माझे हात घाणेरडे.”

“आणि हिरवा आला तर?” ताईने विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

“मग यांनी लिहून द्यायचं.”

सही झाली नाही. मला मात्र तिथल्या तिथे काढून टाकलं. दोन मापांसाठी. ते बरोबर आहे. मी त्या अकरा जणींना विचारलंही नव्हतं.

२८ तारीख, शुक्रवार

गुटगुटीत ताईच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने दार अर्धंच उघडलं. “लाल हातांनी बाळाला घेतलं की रडतं ते,” एवढंच म्हणाली. मी मलमाची डबी उंबऱ्यावर ठेवली. तिने उचलली की नाही बघायला थांबले नाही. म्हणजे थांबले, पण वळणावर. उचलली.

२ तारीख, बुधवार

मामीने वाटी दाबली. तिच्या बोटांवर अजून गुलाबी रेषा आहेत, पण वाकतात. दाबताना ताईने सांगितलं, “जोर नको, मावशी, जेली फुटेल.” मामी आज जोरातच होती. मी फाटकाबाहेर होते, मला हे तिनेच सांगितलं, दोनदा.

४ तारीख, शुक्रवार

बारा ठिपके. बारा!

ताईने तीनदा मोजले. साहेबांनी स्वतः मोजले, तेरा म्हणाले, त्यातला एक काचेवरचा डाग निघाला.

आणि लिहून काय दिलं? ‘सदर कामगार सोमवारपासून रुजू होऊ शकते.’ बस्स. साबण तोच, नळ तेच, मोजणी दहाचीच. “नियम बदलायला वरून मंजुरी लागते.” मी चप्पल फेकून मारणार होते, पण फाटकाबाहेरून साहेबांच्या खोलीपर्यंत चप्पल पोचत नाही. मामीने कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. संध्याकाळी विचारलं, “साबण जायला किती लागतं गं, एका नळावर?” आम्ही स्वयंपाकघरात करून पाहिलं. कारखान्यातल्यासारखी बारीक धार सोडली. चाळीस आकडे, तेही घाईघाईचे.

७ तारीख, सोमवार

हातधुणीच्या खोलीची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. काचेला पांढरा रंग दिलाय, पण एका कोपऱ्यात तो खरवडलाय. मी विटांवर चढून डोळा लावला. आत अकराही जणी. मामी सगळ्यांत पुढे.

शिट्टी. साबण. शिट्टी. नळ.

तिसरी शिट्टी वाजली. मामी नळाखालीच.

पुन्हा वाजली, लांब. मामीने हात काढले नाहीत. ती मोजत होती, मोठ्याने. “बारा, तेरा, चौदा.” दुसऱ्या नळाखाली गुटगुटीत ताई. तिनेही सुरू केलं. मग मागच्या नऊ जणी, ज्यांच्या हातांवर फेस वाळत होता, त्याही मोजायला लागल्या. लहान मुलांच्या वर्गासारखा आवाज खोलीत भरला.

“मावशी,” शिट्टी म्हणाला, “गाडी उभी आहे. माल उशिरा जाईल.”

“सव्वीस, सत्तावीस.”

“वरून विचारतील.”

“अठ्ठावीस. विचारू दे.”

दारात मोठे साहेब येऊन उभे राहिले होते. शिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. शिट्टी ओठांपर्यंत गेली होती, ती त्याने खाली घेतली.

“किती मोजायचं ठरलंय?” त्याने विचारलं.

मामी मागे वळलीसुद्धा नाही. “साबण जाईपर्यंत.”

साहेब काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, आकड्यांचा आवाज फार होता. शिट्टी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. बाह्या वर केल्या आणि आपल्या पाळीची वाट बघू लागला.

दोन नळ आणि बारा माणसं. आज काम उशिरा सुरू झालं. मी विटांवर शेवटपर्यंत उभी होते, पायांना मुंग्या आल्या तरी.